पहिलं खुराडं

परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, वाडिया, टाटा अशी माणसांची मोठमोठी रुग्णालयं आहेत. त्यांच्याच शेजारी जनावरांचं रुग्णालय आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं. १८८६ साली इथंच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गाई-म्हशी, घोडे, कुत्री यांच्या बरोबरीनं कोंबडीचाही इथं स्वतंत्र अभ्यास होतो. कुक्कुटपालनशास्त्राचा वेगळा विभागच आहे. कोंबडीविषयी मुंबईत काही नेमकं विचारायचं असेल, तर पत्ता हा. पण याच पत्त्याच्या भोवताली, लालबाग-परळ-दादरच्या पट्ट्यात, पाच कोंबड्या मोकळ्या सोडता येतील एवढी मोकळी माती शोधायला अख्खा दिवस पायपीट करावी लागेल.

तरीही खुराडं बांधायची इच्छा या भागात टिकून आहे, आणि ती नुसती हौस म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. गिरणगाव वसवलं ते कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार मांडला, तरी गावच्या घराचं परस, मागीलदारी माती उकरणाऱ्या कोंबड्या आणि तिन्हीसांजेला त्यांना डालग्याखाली झाकायची घाई, हे सगळं या घरांच्या बोलण्यात राहिलं. पाय बांधलेला कोंबडा कापडी पिशवीतून एसटीनं लालबागपर्यंत आलेला ज्यांनी पाहिला, ती पिढी अजून आहे.

हे लिखाण दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले थोडे आहेत: ज्यांच्या तळमजल्यापुढे किंवा मागे खरोखर अंगण उरलं आहे असे. गिरगावात खोताची वाडी, माझगावात माथारपाखाडी, किनाऱ्यालगतचे कोळीवाडे, दादर-माटुंग्याकडचे जुने बंगले. दुसरे पुष्कळ आहेत: राहतात गिरगावात किंवा लालबागला, पण गावचं घर दुरुस्त करून घेतलेले, निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने तिथं काढणारे. दोघांच्याही हातून पहिल्या खुराड्यात होणाऱ्या चुका जवळजवळ सारख्याच असतात, कारण दोघंही कोंबडीचा विचार दिवसाच्या चित्रातून करतात. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी डोळ्यांपुढे येते आणि तिच्यासाठी छोटंसं घर बांधलं जातं. खुराड्याची खरी गरज मात्र रात्री लागते.

हे समजायला कोंबडीच्या कुळाकडे पाहावं लागतं. पाळीव कोंबडी प्रामुख्यानं तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथल्या उत्खननावरून तिला माणसाळवण्याची सुरुवात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, भातशेतीच्या आसऱ्यानं झाली असावी, असं मत २०२२ साली मांडलं गेलं. तिच्या रक्तात सह्याद्रीचाही वाटा आहे. जगभरच्या अनेक कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात; तो गुण आपल्या घाटातल्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे, हे २००८ सालच्या संशोधनातून पुढे आलं. हे दोन्ही रानपक्षी दिवसभर जमिनीवर चरतात आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढतात. पाळीव कोंबडीनं ती सवय सोडलेली नाही. अंधारात तिला फारसं दिसत नाही, त्यामुळे एकदा बसली की ती हलत नाही, पळतही नाही. मांजर, मुंगूस किंवा घूस आत शिरली, तर कोंबडी बसल्या जागी मरते.

म्हणून खुराड्याचं काम दांडीपासून सुरू करावं. भिंती, छप्पर, रंग हे नंतर. दांडी दोनेक इंच रुंद, वरची बाजू सपाट आणि कडा घासून गोल केलेली असावी, कारण कोंबडीला पाऊल पसरून बसायचं असतं. जाड बांबूही चालतो. दर कोंबडीमागे आठ-नऊ इंच जागा धरावी. जमिनीपासून दीड-दोन फूट उंची पुरते. अंडी घालायची पेटी मात्र दांडीपेक्षा खालीच ठेवावी, नाहीतर कोंबड्या उंच जागा म्हणून पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखलेली मिळतात. पेटी साधारण फूटभर लांब-रुंद, जराशी अंधारी, तळाला पेंढा. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. दोन ठेवल्या तरी सगळ्या जणी बहुधा एकाच पेटीसाठी ताटकळत उभ्या राहतात.

सांजेला खुराड्यापुढे थोडा वेळ बसून पाहावं. उजेड ओसरू लागला की चरणं थांबतं. सगळ्यात मानाची कोंबडी आधी दारापाशी येते, मान तिरकी करून आत पाहते आणि फळीवरून वर जाते. मग बाकीच्या. आत दांडीवर जागेवरून ढकलाढकली होते, एखादीला टोच बसते, ती खाली उतरून पुन्हा कडेला चढते. हळूहळू कुजबुज थांबते. कोंबड्यांच्या या मानपानाचा पद्धतशीर अभ्यास शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरूप-एब्बे यांनी केला. त्यांना ते लहानपणापासून पाळलेल्या कोंबड्यांकडे पाहून उमगलं होतं. नव्या कोंबड्या आणल्या की पहिले चार-पाच दिवस त्यांना खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीतच ठेवावं. तेवढ्यात घर कोणतं हे त्यांना कळतं. त्यानंतर हाकलत आणायची वेळ सहसा येत नाही. कोणीतरी दार मात्र लावायला हवं.

आता शत्रू. मुंबईच्या दाट वस्तीत कोल्हा सहसा येत नाही, पण उंदीर आणि घुशी आहेत, आणि त्यांची या शहराशी जुनी ओळख आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उघडकीस आला, वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था, पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो दर वर्षी बातमीत असतोच. खुराड्यातलं सांडलेलं धान्य म्हणजे उंदरांना उघड आमंत्रण. शेजाऱ्यांची कोंबड्यांविरुद्धची सगळ्यात रास्त तक्रार हीच असते, आणि तिचा बंदोबस्त करणं पाळणाऱ्याचंच काम आहे. खाद्य जमिनीवर फेकू नये, टांगत्या भांड्यात द्यावं, संध्याकाळी भांडं उचलावं आणि साठा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा.

जाळीच्या बाबतीत तर पैसे वाचवूच नयेत. बाजारात षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी ‘चिकन मेश’ म्हणून मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती ओढून फाडतं आणि उंदराची पिल्लं भोकांतून सरळ आत येतात. त्याऐवजी अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश घ्यावी. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत ती मिळते, तिथंच बिजागऱ्या आणि कड्याही. नुसते यू-खिळे ठोकून जाळी बसवली तर खिळे सैल होतात. स्क्रू आणि रुंद वॉशर लावले तर टिकतात. जाळी जमिनीशी संपवायची नाही. तळाशी ती बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून फूट-दीड फूट मातीखाली पसरायची आणि वर दगड ठेवायचे. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी पंजा घालतं. तिथं त्याला जाळी लागते. दोन पावलं मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही, आणि साऱ्या बंदोबस्ताचा भरवसा तेवढ्यावरच आहे. वरूनही जाळं हवं, कारण मुंबईच्या आकाशात घारी आहेत आणि अंडं पळवायला कावळे टपलेले असतात. दाराला साधी खिट्टी पुरत नाही; मांजराच्या पंजानं ती सरकते. खिट्टीबरोबर एक कडी-कोयंडा असावाच.

दिवसाच्या या जाळीबंद अंगणात दर कोंबडीमागे आठ-दहा चौरस फूट जागा मिळावी. रात्रीच्या खोलीत दोन चौरस फूटही चालतात. जागा कमी पडली की टोचाटोची सुरू होते, पिसं उपटली जातात, रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. म्हणजे पन्नास चौरस फुटांचं अंगण असेल तर कोंबड्या पाचच.

मग पाऊस. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पण गल्लीगणिक हिशेब बदलतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. दादर-परळच्या मध्ये हिंदमाताचा खोलगट भाग थोड्या जोरदार सरीनंही तुंबायचा. तिथलं पाणी साठवायला महापालिकेला भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. तेव्हा खुराड्याची जागा ठरवताना आधी पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पाणी कुठवर चढतं ते जुन्या रहिवाशांना विचारावं, आणि तळ त्याच्या वर, किमान दीड-दोन फूट उचलून घ्यावा. छपराला मंगलोरी कौलं असोत वा पत्रा, त्याच्या वळचणी भिंतीच्या पुढे दोन-तीन फूट यायला हव्यात, कारण इथला पाऊस आडवा मारतो.

पहिल्यांदा बांधणारा माणूस काळजीपोटी खुराडं चहूबाजूंनी बंद करतो. पिलांना गारठा लागेल, पाणी आत येईल. दमट हवेत याचा परिणाम उलटा होतो. विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो साठतो, कोंबड्यांचे डोळे आणि श्वास बिघडतात. वळचणीखाली दोन्ही लांब बाजूंना जाळी लावलेली मोकळी पट्टी हवी, म्हणजे हवा डोक्यावरून खेळते आणि दांडीवर झोत येत नाही. तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून गादी करावी, ती अधूनमधून खालीवर करावी, ओली झालेली काढून टाकावी, पावसाळ्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिलं पटापट जातात. उन्हाळ्यात त्रास वेगळा: कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते, आणि मुंबईच्या दमट हवेत ती धापही पुरी पडत नाही. म्हणून लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, दुपारची सावली पाहावी, पाणी दिवसातून दोनदा बदलावं.

शहरातल्या मातीविषयी मात्र इथं सावधपणे लिहायला हवं. परळ-लालबाग ही दीडशे वर्षांची औद्योगिक जमीन आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकलं जात होतं आणि जुन्या तेलरंगांतही शिसं असायचं. कोंबडी माती उकरते, खाते, आणि शिसं अंड्यात उतरतं. सिडनीतल्या परसबागांच्या २०२२ सालच्या अभ्यासात घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी चाळीस पट शिसं आढळलं. तेव्हा पाडलेल्या चाळीचं सागवान स्वस्तात मिळालं म्हणून रंगासकट वापरू नये. कोंबड्या रंगाचे पोपडे टोचतात. अंगणात जुन्या मातीवर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा जाड थर द्यावा, आणि लहान मुलांना रोज ही अंडी द्यायची असतील तर मातीची तपासणी करून घ्यावी. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा लागतो, त्याची इथं ददात नाही. तिसऱ्यांची कालवणं करणाऱ्या घरात शिंपले रोजचेच. धुऊन, वाळवून, कुटून द्यावेत.

शेजार हा मुंबईत सगळ्यात नाजूक मुद्दा. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. कोंबडा हवा तो पिलांसाठी. चाळीच्या भिंतींमध्ये पहाटे आरवणारा कोंबडा पाळणं म्हणजे अख्ख्या वाडीची झोप उडवणं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार इतरांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीनं प्राणी ठेवता येत नाहीत, म्हणून वॉर्ड कचेरीत आधी विचारावं आणि सोसायटीची संमती लेखी घ्यावी. पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल शहर आता सजग झालं आहे. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, त्यावरून आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मुळात प्रश्न वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचा आणि फुप्फुसांचा होता. कोंबडीवालाही त्यातून सुटत नाही. झाडताना नाकावर कापड असावं, विष्ठा ओली करून उचलावी, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा नाद करूच नये.

रोगांमध्ये पहिलं नाव मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं. कुमाऊंमधल्या राणीखेतला तो १९२०च्या दशकात आढळला आणि त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. उपचार नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आरटूबीचं इंजेक्शन. अडचण एवढीच की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण फोडणार? गावात यावर एकच तोडगा आहे: वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवून लसीकरण करायचं. बर्ड फ्लूचंही भान हवं. देशातला त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडे, उरणच्या चिरनेर गावात तो आला. अशा वेळी बाधित परिसरातले परसातले पक्षीही नष्ट केले जातात आणि शासन भरपाई देतं. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या लपवू नयेत, खाऊ तर मुळीच नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

अंड्यांचा हिशेबही आधीच स्पष्ट असलेला बरा. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, आणि अंडं हे परसातून नव्हे तर ट्रेमधून येऊ लागलं. फार्मवरची कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते, गावठी साठ-ऐंशी. मधल्या वाटेवर हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराज या जाती आहेत. त्या शंभराच्या पुढे जातात, पण सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे त्यांच्याकडून पिलं काढून घेता येत नाहीत. पिलं हवी असतील तर एखादी गावठी ठेवावी. ती एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी उठत नाही. जाळी, लाकूड, खाद्य आणि वेळ धरला तर घरचं अंडं विकतच्या अंड्याहून महागच पडतं. ते परवडतं म्हणून कोणी खुराडं बांधू नये. कोंबडी समोर चरताना पाहायची आहे, घरातल्या ओल्या कचऱ्याचा आणि विष्ठेचा खत म्हणून उपयोग करायचा आहे, नातवंडांना अंडं कुठून येतं ते दाखवायचं आहे, ही कारणं खरी आहेत आणि पुरेशीही.

गावी घर असलेल्यांसाठी एक प्रश्न सगळ्यांच्या आधी: आपण मुंबईला परतल्यावर तिन्हीसांजेला दार कोण लावणार? शेजारचे काका, भावजय, घराची राखण करणारं कुटुंब, कोणाचं तरी नाव ठरलेलं हवं आणि त्यांना अंड्यांतला वाटाही ठरलेला हवा. असं माणूस नसेल तर गावच्या परसात कोंबड्या सोडून येणं हा त्या जिवांवर अन्याय आहे.

बाकी, पहिल्यांदा करणाऱ्यांनी एकदिवसाच्या पिलांच्या फंदात पडू नये. ऊब देणं, लसी, मरतूक हे नवख्याला झेपत नाही. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घ्याव्यात. शासनाच्या योजनेतही पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट अर्ध्या अनुदानावर दिला जातो. प्रशिक्षण हवं असेल तर गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे. बांधकाम दसऱ्याला सुरू करून दिवाळीपर्यंत संपवावं आणि कार्तिकात तलंगा आणाव्यात. फाल्गुनाच्या आसपास पहिली अंडी मिळतील आणि पाऊस यायच्या आत छपराची गळती, दाराची खिट्टी, गादीची ओल हे सगळं दुरुस्त करायला तीन महिने हातात राहतील.